पांझरेकाठचं निरंक गाव

डास देशाला कितीला पडतो, हे शोधून काढायला मला खानदेशात पाठवण्यात आलं. हे वाक्य माझं नाही, आमच्या साहेबांचं आहे. पुण्यातल्या ज्या संस्थेत मी अन्वेषक म्हणून नोकरीला होतो, तिथे पंचवार्षिक योजना आल्यापासून प्रत्येक गोष्ट कितीला पडते ते काढायची चाल पडली होती. ऊस कितीला पडतो ते काढून झालं होतं, विहीर कितीला पडते तेही झालं होतं. आता हिवतापाची पाळी होती. माणूस तापाने आडवा झाला की त्याचं काम बुडतं. बुडालेल्या दिवसांना मजुरीच्या दराने गुणायचं, मग गावाची बेरीज, तालुक्याची बेरीज, आणि शेवटी राष्ट्राची. साहेबांनी हे मला फळ्यावर करून दाखवलं. फळ्यावर ते फारच सोपं होतं.

या कामाला माझी लायकी एवढीच, की मला तोवर हिवताप झालेला नव्हता. त्यामुळे मी निःपक्षपाती ठरलो. निघताना कचेरीने एक सरकारी मच्छरदाणी दिली. तिला चार कोपरे होते, चार बंद होते, पण काठ्या नव्हत्या. काठ्यांची मागणी वेगळ्या कागदावर करावी लागते, असं भांडारपालाने सांगितलं, आणि तो कागद संपला होता.

जळगाव

पहाटे जळगावला उतरलो तेव्हा फलाटाच्या टोकाला केळीचे घड वॅगनीत चढत होते. आमच्या वाईकडे केळ ही सत्यनारायणाला लागणारी वस्तू. इथे ती कोळशासारखी हारीने भरतात आणि वर पाला टाकून दिल्लीला पाठवतात. तो हिरवा डोंगर बघत मी उभा राहिलो, तेवढ्यात हमालाने माझी ट्रंकही केळीबरोबर आत टाकली. ती परत मिळवण्यात सकाळ गेली.

दुपारी खाणावळीत वांग्याचं भरीत खाल्लं. वांगी पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या, जाळावर भाजतात, आणि त्यात हिरवी मिरची अशा हाताने घालतात की जणू ती फुकट वाटायला आली आहे. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आलं, दुसऱ्याला कान गरम झाले, तिसऱ्या घासानंतर मी आणखी मागितलं. खाणावळीच्या मालकाने कशासाठी आलात विचारलं. डासांमुळे होणारा तोटा मोजायला, असं मी सांगितलं.

"आणि मोजून झाल्यावर?" त्याने विचारलं.

"राष्ट्राला कळवणार."

त्याने मान डोलावली आणि माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. ज्याला फार लांब जायचं आहे त्याला वाढावी तशी.

पारोळा

जळगावहून धुळ्याला एस.टी.ने निघालो. पारोळ्याला गाडीचा पट्टा तुटला आणि उतारू पांगले. मीही किल्ल्याच्या बाजूने भटकत बाजारात शिरलो. तिथे एका दुकानात इब्राहीमचाचा नावाचे म्हातारे पिंजारी रजया शिवत बसले होते. कार्तिक चालू होता, थंडी अजून कुठेच नव्हती, पण दुकानात रजयांची चळत छताला लागली होती.

"इतक्या लवकर रजया?" मी म्हटलं.

"हमारा सीझन थंडी का नहीं, भाऊ, ताप का है," चाचा सुई न थांबवता म्हणाले. "भादो में आदमी कापता है ना, तब घरवाली दौडती आती है. थंडी में तो लोग एकही रजई में चार सोते."

हिवतापाने एखाद्याचा फायदा होतो ही शक्यता साहेबांच्या फळ्यावर नव्हती. मी नियमाप्रमाणे विचारलं, तुमच्या घरी तापाने काम किती बुडालं? चाचा हसले. "मैं खुद भादो में पडता हूँ. मेरी रजई मेरी बीवी शिवती है, और मैं उसी के नीचे." मी तपशील उतरवून घेतला. पुढे साहेबांनी तेवढ्या मजकुरावर निळ्या पेन्सिलीने रेघ मारली. पण पारोळ्याच्या रजईची ती तिरपी शिवण माझ्या डोळ्यांत बसली, आणि आठवडाभरातच तिची फार जवळून ओळख व्हायची होती.

धुळे

धुळ्याला हिवताप खात्याच्या डॉक्टरांना भेटलो. दमलेला, सरळ बोलणारा माणूस. कचेरीच्या पडवीत फवारणीचे पंप हारीने ठेवले होते आणि डी.डी.टी.चा वास नाकात जाऊन बसत होता.

"हे बघा," डॉक्टर म्हणाले, "पथकं मोजकी आहेत. पुढच्या वैशाखात सगळी गावं फवारून होणार नाहीत. वरून आदेश आहे, ज्या गावाचा तोटा जास्त, ते गाव आधी. आणि तोट्याचा आकडा तुम्ही देणार. जे गाव तुमच्या यादीत खाली जाईल ते पुढचा पावसाळा तसाच काढेल."

तोवर मी स्वतःला बेरजा करणारा माणूस समजत होतो. पंपांच्या रांगेकडे पाहून मी छापील प्रश्न पुन्हा एकदा वाचून काढले. डॉक्टरांनी सुरुवातीला पांझरेकाठचं एक गाव सुचवलं. तिथे बारा महिने पाट वाहतात, ताप घरोघरी आहे, आकडा मोठा येईल, असं ते म्हणाले.

पांझरेकाठी

गावाचं नाव लिहीत नाही. गावाला ते आवडणार नाही.

पश्चिम खानदेशात पांझरेवर दगडी बंधारे आहेत, आणि त्यांच्या पाटांवर फड. फड म्हणजे एका पिकाखालचा जमिनीचा सलग तुकडा. एकाचं शेत असतं, दुसऱ्याचं त्याला लागून असतं, पण पीक सगळ्यांनी एकच घ्यायचं आणि पाणी कोणी आपलं आपण सोडायचं नाही. गावाने नेमलेला पाटकरी टोकापासून टोकापर्यंत सगळ्यांचं पाणी भरतो. मालक घरात झोपलेला असो की काशीला गेलेला असो, त्याच्या शेताला पाणी मिळतं. आमच्याकडे भावाभावांचे बांधावरून खून पडतात, त्यामुळे हे मला दोनदा समजावून घ्यावं लागलं.

पाटकऱ्यांवरचा हवालदार म्हणजे दगडू नाना. साठीचा, उंच, पागोट्याखाली चेहरा लाकडासारखा. माझा मुक्काम त्यांच्या ओसरीवर पडला. घरात नानांची बायको, जिला अख्खं गाव अक्का म्हणतं, एक मुलगा आणि नुकती आणलेली सून. मुलाचं हे दुसरं लग्न. पहिली सून गेल्या वर्षीच्या भादव्यात तापाने गेली, पोटातल्या बाळासकट. हे नानांनी मला पहिल्याच संध्याकाळी, पाण्याच्या पाळीबद्दल सांगावं तशा आवाजात सांगितलं. नव्या सुनेलाही दिवस गेले होते. बाळंतपण आषाढात, म्हणजे ती ओली बाळंतीण असताना तापाचे दिवस येणार.

"तो दवाना फवारा कवय येवाव शे, भाऊ?" अक्कांनी दाराआडून विचारलं.

"आकडा गेला की येईल," मी म्हणालो. फार सहज म्हणालो.

या घरातली एक गोष्ट मला विचित्र वाटली. आमच्याकडे सून राबते आणि सासू ओसरीवर बसून तिच्या चुका काढते. इथे सून ओसरीवर धान्य निवडत बसे, आणि अक्का पहाटे विळा घेऊन शेतात जात, त्या दिवस कलला की डोक्यावर गवताचा भारा घेऊन परत. त्या वयाला ते झेपत नव्हतं हे दिसत होतं. खानदेशात सुनांचे लाड असतात असं मी टिपून ठेवलं. प्रवासात माणूस असले निष्कर्ष फार भराभर काढतो.

दुसऱ्या दिवशी कामाला लागलो. पहिल्याच घरी छापील प्रश्न विचारला: तापाच्या दिवसांत तुमचं किती काम बुडालं?

"काहीच नही," घरधनी म्हणाला.

"ताप आला नव्हता?"

"ऊना व्हता ना. बठ्ठासले ऊना व्हता. मी तं मरी जातू."

"मग काम?"

"काम व्हयनं. फडमा कोनंच वावर पडेल ऱ्हास नही."

दुसऱ्या घरी हेच. तिसऱ्या घरच्या म्हाताऱ्याला तर रागच आला. "आम्ही काम बुडाई दिनं, आस कोनी सांगं तुमले?" सगळ्या घरांत ताप, सगळ्यांचे डोळे पिवळे, पोरांची पोटं पाणथरीने, म्हणजे वाढलेल्या प्लीहेने, पुढे आलेली, आणि कामाचा तोटा शून्य. कोणी पडला की शेजारी त्याचं निंदणं करी, शेजारी पडला की हा त्याची कापणी करी. याला सावड म्हणतात. सावड आमच्याकडेही आहे, पण ती ऊस लावायला आणि घर शाकारायला. इथे ती तापासाठीच राखलेली होती. शेत पडून राहिलं म्हणजे घराण्याची नव्हे, अख्ख्या फडाची अब्रू गेली, आणि अब्रूचा असला पंचनामा पुण्याहून आलेल्या माणसापुढे कोण करणार?

संध्याकाळी मी अक्कांना म्हटलं, "अहो, पण माणूस तर आडवा पडला ना?"

"ताप येस नि जास," अक्का म्हणाल्या. "वावर काय वाट दखत बसस का?"

मी पडलो

अर्धं गाव झालं आणि एके दिवशी भर दुपारी उन्हात मला थंडी वाजली. आधी वाटलं वारा सुटला. मग दात वाजायला लागले आणि समोरच्या घरधन्याने माझ्या हातातला कागद हळूच काढून घेतला. एवढंच आठवतं. मच्छरदाणी अर्थातच ट्रंकेत होती, घडी न मोडलेली.

नानांच्या ओसरीवर माझ्या अंगावर एकावर एक रजया पडल्या. सगळ्यात वरच्या रजईची शिवण तिरपी होती. इब्राहीमचाचांचा माल पक्का असतो हे मी स्वानुभवाने सांगू शकतो. अक्कांनी कसलासा काढा पाजला, तो इतका कडू होता की ताप त्याच्यापुढे सौम्य वाटला. मग धुळ्याहून डॉक्टरांच्या गोळ्या आल्या. ताप एकआड एक दिवस येई, वेळ न चुकवता. मधल्या दिवशी मी रिकाम्या पोत्यासारखा पडून असे आणि कामाचं काय होणार याची काळजी करी. मला तारीख पाळायची होती.

काळजीचं कारण नव्हतं. मी उठून बसलो त्या दिवशी नाना माझे कागद घेऊन आले. सगळे भरलेले. मी पडलो तशी नानांनी शाळेच्या मास्तरांना बरोबर घेतलं होतं आणि उरलेलं अर्धं गाव घरोघर फिरून पुरं केलं होतं. मास्तरांचं अक्षर मोत्यासारखं होतं. काम बुडालं किती, या प्रश्नापुढे प्रत्येक घराला एकच शब्द होता: निरंक.

"तुमनं काम बुडनं नही, भाऊ," नाना म्हणाले. त्या लाकडी चेहऱ्यावर पहिल्यांदा समाधान दिसलं.

मी संस्थेच्या सूचना उघडून पाहिल्या. ज्या आजाऱ्याचं काम ठरल्या वेळी पुरं झालं, त्याचा तोटा धरू नये, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. म्हणजे शास्त्राप्रमाणे मला हिवताप झालाच नव्हता. मी हसायला गेलो, पण बरगड्या दुखल्या.

मग एकदम लक्षात आलं की हे हसण्यासारखं नाही. हे कागद असेच गेले तर गाव यादीच्या तळाशी जाणार होतं. दाराशी नवी सून धान्य निवडत बसली होती. मी नानांना आणि अक्कांना बसवून सगळं सांगितलं. तोटा नाही म्हणजे फवारा नाही. फवारा नाही म्हणजे पुढचा भादवा गेल्या वर्षीच्या भादव्यासारखाच.

नानांनी कागदांची चळत नीट जुळवून ठेवली. "मंग काम बुडनं आस लिखी टाका," असं ते म्हणतील, निदान माझी तशी आशा होती. ते म्हणाले, "वावर पडनं नही, तं पडनं आस कसं सांगू?" अक्का सुनेकडे पाहत होत्या, पण त्यांनीही नवऱ्याला अडवलं नाही. मला त्या दोघांचा मनापासून राग आला. इतका ताठा कशाला, आणि कोणाच्या जिवावर?

रागातच मी म्हणालो, "ठीक आहे. पण माझं अर्धं काम गावाने केलं. ते फुकट नको. ते कसं फेडायचं तेवढं सांगा."

नानांचा चेहरा निवळला. हे त्यांना कळणारं बोलणं होतं. "फेडशात तवय फेडशात. सावड कुजस नही. पाट उकराले या एखादा साल." मग जरा थांबून म्हणाले, "इचारं ते बेस करं. आमना गावमा सावड दपाडस तो मानूस नही."

दपाडणं म्हणजे लपवणं. मी रजई बाजूला केली आणि नानांना म्हटलं, गावाला चावडीवर बोलवा.

त्या संध्याकाळी मी छापील प्रश्न विचारलाच नाही. एवढंच विचारलं: गेल्या तापाच्या दिवसांत तुमच्यावर कोणाची सावड चढली?

 मग जे सुरू झालं ते लिहून घेताना माझा हात दुखला. मागणाऱ्याच्या आधी देणारा बोलत होता. ज्या म्हाताऱ्याला आधी राग आला होता, तोच काठी आपटत पुढे आला आणि आपल्यावर कोणाकोणाचं किती निंदणं आहे ते सांगू लागला. एक जण विसरला तर शेजाऱ्याने नव्हे, त्याच्या स्वतःच्या बायकोने त्याला आठवण दिली. ज्याने पडलेल्याचं शेत केलं, तो स्वतः तापातून दोनच दिवसांपूर्वी उठलेला असे. कोणी धुळ्याच्या जिनिंगमधली मजुरी सोडून आला होता, तर कोणी रात्री स्वतःचं आणि दिवसा दुसऱ्याचं काम केलं होतं. शेत एकही पडलं नव्हतं. माणसं मात्र वर्षभर पुरेल एवढ्या उसन्या दिवसांवर जगत होती.

सगळे झाल्यावर बायकांच्या बाजूने अक्का उठल्या.

"मनावर मनी सूननी सावड शे," त्या म्हणाल्या.

मी ओसरीवरच्या नव्या सुनेचा विचार करून लिहायला लागलो. "हाई नही," अक्का म्हणाल्या, "पहिली." आणि मग सरळ उभं राहून सांगितलं. "गये साल भादवामा मी पडनी. मना वाटानं निंदणं तिनी करं. पोटमा पोर व्हतं तरी करं. मंग ती पडनी. ती उठनीच नही." नानांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "आते कोले फेडू? म्हनीसन हिले वावरमा जाऊ देत नही मी. तिनी सावड हिले फेडी ऱ्हायनी."

खानदेशात सुनांचे लाड असतात, असं मी लिहिलं होतं. ते वाक्य मी त्याच रात्री खोडलं. अक्कांच्या देण्यासाठी माझ्याकडे रकाना नव्हता. कोणाची, यापुढे 'सून' लिहिलं, कोणाला, यापुढेही 'सून' लिहिलं, आणि शेऱ्यात 'फेड चालू'. माझे डोळे भरून आले होते, आणि त्यात भरताची मिरची नव्हती.

परत

निघताना मच्छरदाणी अक्कांकडे ठेवली. कचेरीत 'प्रवासात गहाळ' असा अर्ज दिला.

साहेबांनी कागद पाहिले आणि कपाळाला आठ्या घातल्या. "ही देवाणघेवाण झाली. एकाचं देणं ते दुसऱ्याचं येणं. बेरीज शून्य. तोटा कुठे आहे?" मी त्यांना इब्राहीमचाचांची बायको, जिनिंगची सोडलेली मजुरी आणि तापातून उठून दुसऱ्याच्या शेतात गेलेली माणसं एकामागून एक सांगितली. म्हणालो, काम बुडालं नाही साहेब, ते करणारा माणूस बुडाला. साहेब फळ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी जुना प्रश्न पुसला आणि नवा लिहिला. खुल्या मनाचा माणूस होता, फक्त फळ्याजवळ फार बसायचा. गाव धुळ्याच्या यादीत वर गेलं. वैशाखात पथक जाऊन आल्याचं डॉक्टरांकडून कळलं. पुढे काही कळलं नाही, आणि विचारायचा धीरही झाला नाही.

दसरा झाल्यावर मी रजा टाकली. कारणात 'घरगुती काम' लिहिलं. पुरात साचलेला गाळ काढून पाट मोकळा करायचे ते दिवस. नानांनी मला फावडं दिलं, थोडा वेळ माझी ऐट पाहिली, आणि न बोलता फावडं काढून घेऊन हातात टोपली दिली. दुपारपर्यंत तळहाताला फोड आले. गाळ वाहणारा पुण्याचा साहेब पाहायला शाळा लवकर सुटली. मास्तर मात्र माझ्यापुढे फावडं घेऊन होते, त्यांच्यावरही कोणाची तरी सावड होती.

दिवस कलल्यावर ओसरीवर येऊन टेकलो. भिंतींवर औषधाचे पांढरट ओघळ वाळले होते. झोळीवर माझी गहाळ झालेली मच्छरदाणी बांधलेली होती, चार पऱ्हाट्यांच्या काठ्यांवर. आत तान्ही मुलगी झोपली होती, आणि तिची आई शेजारी धान्य निवडत होती. भादवा येऊन गेला होता, आणि दोघी होत्या. 

अक्का भारा घेऊन आल्या, तो अंगणात टाकला आणि माझे हात उलटून फोड पाहिले.

"अक्का, माझी सावड फिटली का?" मी विचारलं.

"तुमनी फिटनी, भाऊ," त्या म्हणाल्या. मग झोळीत डोकावून मच्छरदाणीचा कोपरा नीट खोचला, आणि विळा उचलला. अजून थोडा उजेड होता.

"मनी बाकी शे," असं म्हणून त्या परत शेताकडे निघाल्या.